आबांचे दहा जण आणि मी

आमच्या घरात सकाळचा चहा एझर्ड चार्ल्सच्या नावाने होतो आणि रात्रीचं जेवण आर्ची मूरच्या. दोघेही अमेरिकन, दोघेही बॉक्सर, दोघेही केव्हाच देवाघरी गेलेले, आणि दोघांपैकी एकानेही जन्मात ग्वाल्हेरचं नाव ऐकलं नसणार. तरी शिंदे की छावनीतल्या आमच्या घरात गेलं वर्षभर एकच प्रश्न पेटलेला आहे: आजवरच्या लाईट हेवीवेट बॉक्सरांमध्ये पहिला कोण? वीज जावो, नळाला पाणी न येवो, शेजारी लग्न असो नाहीतर मयत, हा प्रश्न काही विझत नाही.

काडी लावली माझ्या भावाने. उत्कर्षने एकदा जेवताना आबांना मोबाईलवर कुण्या परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्यात आजवरचे दहा श्रेष्ठ लाईट हेवीवेट होते आणि पहिल्या नंबरवर रॉय जोन्स. आबा म्हणजे आमचे आजोबा, दिनकरराव जगदाळे, वय चौऱ्याहत्तर, फौजेतून निवृत्त. तरुणपणी फौजेतर्फे ते याच गटात खेळायचे. जोन्सचं नाव ऐकून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ह्या माणसाला अक्कल कुणी विचारली होती, असं विचारलं. तेव्हापासून आमच्या जिन्याखालच्या भिंतीवर खडूने त्यांची स्वतःची दहा नावं लिहिलेली असतात आणि दर आठवड्याला ती वरखाली होतात. आई त्या भिंतीला हात लावत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिच्या फडक्याने बॉब फॉस्टर पुसला गेला होता, तर आबा दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले.

ज्यांना ह्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाईट हेवीवेट म्हणजे जुन्या काळी हेवीवेटच्या लगेच खालचा गट, साधारण साडेएकोणऐंशी किलोच्या आतला. खाली मिडलवेटवाले चपळ म्हणून कौतुकाचे, वर हेवीवेटवाले दांडगे म्हणून पैशाचे, आणि ह्या मधल्यांची अवस्था ना धड इकडचे ना तिकडचे. म्हणून ह्यातले चांगले चांगले लोक नाव काढायला वरच्या गटात गेले आणि पुष्कळांनी तिथे मार खाल्ला. बिली कॉन तर हेवीवेटचा जगज्जेता जो लुईस ह्याच्याही पुढे होता. जिंकत आलेला सामना त्याने शेवटी शेवटी नसती खुमखुमी दाखवून घालवला. आबा ही गोष्ट सांगताना अजून टेबलावर हात आपटतात. १९४१ साली कॉनने त्यांचा सल्ला घेतला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटतं. आबा तेव्हा जन्मलेही नव्हते.

आबांचा पहिला नंबर ठरलेला आहे: एझर्ड चार्ल्स. त्याने मूरला तीनदा हरवलं, तिसऱ्यांदा, १९४८ साली, तर आडवाच केला. पण लाईट हेवीवेटचा जगज्जेतेपदाचा पट्टा त्याला कधी मिळाला नाही, कारण त्यासाठी लढायची संधीच कुणी दिली नाही. आता आबांना ह्याच माणसाचा एवढा कळवळा का, हे समजायला आमचं घराणं समजायला हवं. आबांचे पणजोबा म्हणे ग्वाल्हेरच्या दरबारात डावीकडच्या सातव्या जागेवर बसायचे. मग कुणा कारभाऱ्याचं मन फिरलं आणि त्यांना नवव्या जागेवर नेऊन बसवलं. संस्थान गेलं, दरबार गेला, जागांवर बसणारे गेले, पण आमच्या घरातून ती सातवी जागा काही गेली नाही. चार्ल्स म्हणजे आबांच्या लेखी हक्काच्या जागेवरून उठवलेला माणूस. त्याला ते भिंतीवर का होईना, पहिल्या जागेवर बसवतात.

उत्कर्षला ह्यातलं काही पटत नाही, आणि पटलं तरी तो तसं म्हणणार नाही. त्याचं म्हणणं, मूर जवळजवळ दहा वर्षं चॅम्पियन होता, त्याच्याइतके नॉकआऊट आजवर कुणाचे नाहीत. "आबा, ज्याला बेल्टच नाही मिळाला तो नंबर वन कसा? कुछ तो लॉजिक हो यार," असं तो म्हणतो, की आबा आजोबांना यार म्हणण्यावरून सुरू होतात आणि थेट १९४८ सालात जाऊन पोचतात. मग आमटी गार होते.

मी ह्यात कुठे आहे? मी स्वयंपाकघरात आहे. माझं नाव उन्नती, वय सत्तावीस, हरिशंकरपुरममधल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. संध्याकाळी मी बॉक्सिंगचा सराव करते. माझा गट पंचाहत्तर ते ऐंशी किलो आणि माझं वजन एकोणऐंशी. म्हणजे आख्ख्या घरात, आख्ख्या गल्लीत, आज चालता बोलता एकच लाईट हेवीवेट आहे, ती मी. आणि घरात लाईट हेवीवेटवर रण माजलेलं असताना खुद्द लाईट हेवीवेट आत पोळ्या लाटत असते. मला आजवर एकदाही कुणी विचारलेलं नाही की बाई गं, तुझ्या मते पहिला कोण.

ते एक वेळ चालेल. पण आईचं काय करायचं? आईला माझं बॉक्सिंग चालतं, वजन चालत नाही. माझ्या पोळीला ती तूप लावत नाही, माझ्यासाठी सगळे कपडे गडद रंगाचे आणते, आणि नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले की त्यांनी काही म्हणायच्या आत सांगून टाकते, "उंच आहे ना ती, म्हणून तशी दिसते." मी तिला हजारदा समजावलं की माझ्या गटात हेच वजन लागतं. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर गरम पाण्यात लिंबू आणून ठेवते. अशा वेळी मधे पडणारा एकच माणूस, आबा. आईने माझ्या पानातला भात कमी केला की खुर्चीतून आवाज यायचा, "तिच्या ताटाला हात लावायचा नाही. वजन हे तिचं हत्यार आहे." आई पदर सावरून भात परत वाढायची. आबांच्या दरबारी विक्षिप्तपणाचा मला कितीही वैताग आला तरी ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ करायचे.

ह्या सगळ्यात पुष्कर आला. तो पुण्याचा, फिजिओथेरपिस्ट, पडावजवळच्या एका दवाखान्यात नोकरीला. माझा खांदा आखडला होता, तो त्याने सोडवला, आणि खांदा सुटला तरी मी जात राहिले. पुढचं सांगायला नको. पुष्करला माझं वजन ग्रॅमपर्यंत माहीत आहे आणि त्याचं त्याला काही नाही. पण लग्नाचं बोलायला त्याची आई पुण्याहून येणार असं ठरलं, तेव्हा तो म्हणाला की आईचं काही सांगता येत नाही, ती स्पष्ट बोलणारी आहे. झालं. पुढच्या महिन्यात माझी राज्य संघासाठी निवड चाचणी होती, ऐंशी किलोच्या गटात. दोन वेळा माझी निवड थोडक्यात हुकली होती आणि ह्या वयात चौथी संधी कुणी देत नाही. मला पुष्कर हवा होता आणि मला माझे एकोणऐंशी किलोही हवे होते. एकासाठी दुसरं सोडायला सांगतील ह्याची मला धास्ती बसली.

पुष्करची आई, मंदाताई, आल्या त्या रविवारी आईने मला गडद निळी रेशमी साडी नेसवली आणि सूचनांचा भडिमार केला. जोरात हसायचं नाही. दोनच पुऱ्या घ्यायच्या. काही उचलायचं नाही. सोफ्यावर बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं, कारण सोफा खचतो. मी म्हटलं, मग मला कपाटातच ठेव ना. ती म्हणाली, "तू हे काय बोलून राहिली आहेस, मी तुझ्याच भल्यासाठी सांगते आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी गप्प बसले. माझ्या आईशी भांडताना हाच त्रास आहे, ती ठोसा न मारता गुण घेते.

मंदाताई बुटक्या, सडसडीत, पुण्यात पाळणाघर चालवणाऱ्या. दिवसभर वीस पोरांवर आवाज चढवायची सवय असल्यामुळे त्या साधं पाणी मागतात तेही दोन घरं पलीकडे ऐकू जातं. आल्या आल्या त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला, आबा खूश झाले. पुष्करला मी आधीच बजावून ठेवलं होतं की आबा एकच प्रश्न विचारतील, त्याला उत्तर द्यायचं, एझर्ड चार्ल्स. एवढं एक नाव पाठ करायचं होतं. आबांनी श्रीखंडाची वाटी हातात घेतली आणि विचारलं, "काय हो जावईबापू, लाईट हेवीवेटमध्ये तुमच्या मते पहिला कोण?"

पुष्कर क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाला, "मायकेल स्पिंक्स."

मी कपाळाला हात लावायची तेवढी बाकी होते. आबांनी वाटी खाली ठेवली. स्पिंक्सला टायसनने दीड मिनिटात झोपवला होता, त्याला पहिला म्हणता? तर पुष्कर अगदी शांतपणे म्हणाला, "ते हेवीवेटमध्ये, आबा. स्वतःचं वजन सोडून गेला तिथे हरला. स्वतःच्या वजनात त्याला कधी कुणी हरवलं नाही." आबांना मुद्दा खोडता येईना आणि मानवेनाही. ते खुर्चीत पुढे सरकले, उत्कर्ष मूरला घेऊन मधे घुसला, आणि ज्या कामासाठी माणसं पुण्याहून आली होती ते राहिलं बाजूला. मंदाताई एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. आई पुऱ्या तळायला उठली आणि परत येऊन तिने उत्कर्षला डोळ्यांनी खुणावलं. गॅस संपला होता. उत्कर्षने बघितलंच नाही. तिने पुन्हा खुणावलं. तो तेव्हा मूरचे नॉकआऊट मोजत होता.

मला राग आला होताच. ह्या घरातल्या पुरुषांना मेलेल्या माणसांची वजनं उचलायला सवड आहे, सिलेंडर उचलायला नाही. मी पदर खोचला, मागच्या गच्चीवर गेले, भरलेला सिलेंडर खांद्यावर घेतला आणि सगळ्यांच्या समोरून आत नेला. आईने भिंतीला हात टेकला. मी सिलेंडर ओट्याखाली ठेवला, रेग्युलेटर बसवला, कढईखालचा गॅस पेटवला आणि हात पुसत दारात आले. मंदाताई माझ्याकडेच बघत होत्या, तोंड उघडं टाकून.

"उन्नती भारी आहे हो तुमची," त्या आईला म्हणाल्या. "पुष्करने सांगितलं होतं मला, पण इतकी भारी असेल असं नव्हतं वाटलं."

आईचा चेहरा उतरला. उत्कर्ष मूरला सोडून खाली बघायला लागला. मंदाताई मात्र हसतमुख बसल्या होत्या, आपण काय करून ठेवलं ह्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. गोष्ट अशी आहे की आमचं मराठी पिढ्यानपिढ्या हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलेलं आहे. पुण्यात भारी म्हणजे झकास. आमच्याकडे भारी म्हणजे जड. भारी पेटी, भारी शरीर. साडी भारी असली तर महाग, पण मुलगी भारी असली तर लग्न अवघड. मला पुणेरी भारी माहीत होतं. पुष्कर चहाला भारी म्हणतो, कचोरीला भारी म्हणतो, किल्ल्यावरच्या वाऱ्याला भारी म्हणतो. पहिल्यांदा मला म्हणाला तेव्हा मी चार दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. म्हणून मंदाताईंचं वाक्य कानावर पडल्याबरोबर माझी धास्ती गेली, मी हसले, आणि सगळ्यांना सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आबा उठून उभे राहिले.

मला वाटलं, आता आबा बोलणार. ताटाला हात लावायचा नाही म्हणणार. चुकीच्या समजुतीवर का होईना, पाहुण्यांसमोर माझ्या बाजूने उभे राहणार, म्हणून मी मुद्दाम एक क्षण थांबले. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं होतं.

"ताई," आबा म्हणाले, "भारी आहे, मान्य. पण राहणार नाही. लग्नापर्यंत तिला सत्तरच्या आत आणतो. हा दिनकरराव जगदाळेचा शब्द आहे."

आबा शब्द सहसा देत नाहीत. दिला की तो मोडत नाहीत, आणि परत घेणं तर दूरच. एकदा शब्द दिला म्हणून त्यांनी चांगली बदली नाकारली होती, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बरगडीखाली नेमका ठोसा बसला की ओरडताही येत नाही, श्वासच अडकतो. मला तसं झालं. आईने मान हलवली, जणू काही इतक्या वर्षांनी सासऱ्यांना शहाणपण आलं.

आणि मग पुष्कर हसायला लागला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "आबा, आई भारी म्हणजे मस्त म्हणतेय. आमच्याकडे भारी म्हणजे छान." मंदाताईंना काय घडलं ते कळल्यावर त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि अगं बाई, अगं बाई करत आईचा हात धरला. आई हसता हसता रडली. उत्कर्षने "क्या बवाल हो गया यार" असं म्हणून टाळी दिली. सर्वांत मोठ्याने हसले आबा. हसू आवरल्यावर ते खुर्चीत बसले, धोतराने डोळे टिपले आणि पुष्करला म्हणाले, "हां, तर तुम्ही स्पिंक्सचं काय म्हणत होतात?"

म्हणजे झालं. गैरसमज होता, तो दूर झाला, श्रीखंड गार आहे तोवर खाऊन घ्या. मी दारात उभी होते ती तशीच उभी राहिले. मंदाताईंचा गैरसमज दूर झाला होता, आईचा झाला होता. माझा मात्र एक गैरसमज नुकताच दूर झाला होता आणि त्यावर कुणालाही हसू येण्यासारखं काही नव्हतं. आबांनी मंदाताईंचं ऐकताना चूक केली असेल. बोलताना केली नव्हती. कुणी आपल्या नातीला जाड म्हटलं तर काय करायचं, ते त्यांच्या मनात आधीपासून तयारच होतं. तिला कापून लहान करायचं.

मला किंचाळावंसं वाटत होतं आणि काय किंचाळायचं ते सुचत नव्हतं. मी न हसलेली फक्त मंदाताईंना दिसली. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला, कुठलं पोर गप्प बसलंय, ते बरोबर दिसतं. त्यांनी आबांना स्पिंक्समधून बाहेर काढलं.

"आबा, एक विचारू का? मला ह्यातलं काही कळत नाही. ही सत्तरच्या आत आली, तर खेळणार कशी?"

बॉक्सिंगचा प्रश्न म्हटल्यावर आबा ताठ बसले. ते घरात काहीही बोलतील, पण बॉक्सिंगवर खोटं बोलणार नाहीत, त्यांना ते जमतच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या खांद्यांकडे, दंडांकडे, पायांकडे पाहिलं, एखादा ट्रेनर बघतो तसं. मग सांगितलं की हिची हाडंच रुंद आहेत. नऊ किलो उतरवायचे म्हणजे नुसती चरबी जाणार नाही, ताकद जाईल. हात लांब राहतील पण त्यामागचा जोर नसेल. पहिला राऊंड निभावेल, दुसऱ्यात दम तुटेल.

"म्हणजे हरेल," मंदाताई म्हणाल्या.

"हरेल."

"मग शब्द का दिलात?"

आबांनी हातातला चमचा वाटीत ठेवला. "तुम्ही भारी म्हणालात, म्हणून."

"आणि मी खरंच जाड म्हटलं असतं तर?"

आत तेल तापून त्याचा वास यायला लागला होता, पण आई जागची हलली नाही. पुष्करने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे नाही. सात नंबरची जागा का गेली ह्याची आबांकडे दहा कारणं आहेत, चार्ल्सला पट्टा का मिळाला नाही ह्याची वीस. शब्द का दिला ह्याचं एकही नव्हतं.

शेवटी त्यांनी हात जोडले. मंदाताईंना म्हणाले, "ताई, शब्द परत घेतो. माफी असावी."

आई "आबा" असं म्हणून पुढे झाली, कारण आमच्या घरात असं कधी घडलेलं नव्हतं. उत्कर्षसुद्धा उभा राहिला. मंदाताई ओशाळून नको नको करायला लागल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, केवढा मोठा माणूस, भर पाहुण्यांत शब्द परत घेतला. आणि माझ्या डोक्याची शीर तटतटली. वजन माझं, चाचणी माझी, अंग माझं. शब्द दिला तो मंदाताईंना, परत घेतला तो त्यांच्याकडून आणि माफीही त्यांचीच मागितली. मी ह्या सगळ्यात पुन्हा कुठे होते? स्वयंपाकघराच्या दारात.

"आबा," मी म्हटलं, "माझ्याकडे बघून सांगा. त्या भारी म्हणाल्या तेव्हा तुम्हाला काय झालं?"

मी ओरडले नव्हते. पण आबांशी ह्या आवाजात मी आयुष्यात बोललेले नव्हते. आईने "उन्नती, पाहुणे आहेत" असं हळूच म्हटलं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आबांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. मग एकदाचं माझ्याकडे.

"लाज वाटली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"तुझी. खोटं कशाला बोलू. त्या दहा जणांची वजनं मी जगाला ओरडून सांगतो. तुझं सांगायची वेळ आली, तर लाज वाटली."

मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग मात्र होता तेवढाच राहिला, फक्त तो आता कुणावर काढायचा ते कळेना. समोर बसलेला म्हातारा एकेकाळी ह्याच वजनाचा होता आणि आता साठ किलोही भरत नव्हता, आणि तो खरं बोलला होता. मला त्याचं खरं नको होतं. मला जुनं खोटंच बरं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की ह्या घरात एक माणूस माझ्या बाजूचा आहे. होता ना. पण पाहुणे येईपर्यंत.

मंदाताईंनी आईला आत नेलं, गॅस बारीक केला असावा. पुष्करने उत्कर्षला बाहेर चल म्हणून खूण केली. उत्कर्षला ह्या वेळी खूण कळली. खोलीत आम्ही दोघंच उरलो, आणि मंदाताईंची न संपलेली श्रीखंडाची वाटी. आबांनी घसा साफ केला.

"चाचणीला येऊ का मी?"

आजवर माझ्या प्रत्येक सामन्याला आबा आलेले आहेत. पहिल्या रांगेत बसतात, माझा गार्ड खाली गेला की ओरडतात, जिंकले की शेजाऱ्याला सांगतात, माझी नात आहे. त्यासाठी त्यांनी कधी परवानगी मागितली नव्हती.

"लढतीला नका येऊ," मी म्हटलं. "सकाळी वजनाला या. तिथे काट्यावर उभं केलं की आकडा मोठ्याने ओरडून सांगतात, सगळ्या हॉलला ऐकू जातो. पोरी हसतात, त्यांचे भाऊ हसतात. तिथे माझ्या शेजारी उभे राहा."

आतून मंदाताईंचा आवाज येत होता, पुऱ्या कशा टम्म फुगल्यात ते सांगणारा. आबांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, तो साधला नाही, म्हणून बसल्या बसल्याच म्हणाले, "येतो. माझा शब्द..."

"शब्द देऊ नका," मी म्हटलं. "नुसते या."